मानसिंगचा खांदा

चामराजपेट, बेंगळूर
रविवार, १९६१

प्रिय सोयराअक्का,

गुडघा गेल्यावर माझं बास्केटबॉल सुटलं, हे तुला ठाऊकच आहे. यंदा एका कारखान्याने मला त्यांच्या संघाचा प्रशिक्षक म्हणून पगारावर ठेवलं. आज अंतिम सामना होता आणि समोर माझाच जुना क्लब. कप्तान आपला मानसिंग, ज्याला तू माझ्या शेजारी बसवून जेवू घालायचीस.

मध्यंतराला आम्ही मागे होतो. मानसिंगचा उजवा खांदा दुखतो, हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. मी माझ्या खेळाडूंना सांगितलं, "त्याला डावीकडे वळू देऊ नका. उजवा हात उचलायला लावा."

त्यांनी तेच केलं. मानसिंगचे चेंडू बास्केटपर्यंत पोचेनात. आम्ही जिंकलो.

मी हात मिळवायला गेलो, तेव्हा तो हळूच म्हणाला, "विश्वास, हा खांदा तूच शेकत होतास ना रे?"

"आता हेच माझं काम आहे," मी म्हणालो.

"सरी," इथल्या कन्नडात 'बरं', एवढंच म्हणून तो निघून गेला.

खेळाडू डोसे खायला गेले. मलाही बोलावलं, पण माझ्यासमोर ते मोकळेपणी हसत नाहीत, म्हणून मी एकटाच घरी आलो.

अक्का, हे पत्र मी टपालात टाकणार नाही. तू त्याला समजावून लिहिशील आणि तुझ्या शब्दाखातर तो येईलही. पण मला तो आपणहून यायला हवा आहे.

तुझा धाकटा,
विश्वास