सुटलेलं जातं कुठं

आबा, तुम्ही जाऊन दहा वर्षं झाली आणि आज राजारामपुरीतल्या हार्टच्या दवाखान्यात मला तुमचं पैंजण धुवायचं मशीन आठवलं. आईच्या छातीत दुखतंय म्हणून गोव्याहून आलोय. (गगनबावड्यात गाडी बंद पडली, ती वेगळीच कथा, राहू दे.) डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या नळीत चुना साचून दगड झालाय, नुसत्या फुग्यानं ती उघडायची नाही. बारीक तार आत सरकवायची आणि आवाजाच्या लहरींनी तो चुना तडकवायचा. सोनोग्राफीतल्यासारख्याच लहरी, फक्त जोरकस. आवाजानं! मला तिथंच हुपरीतला आपला चांदीचा कारखाना दिसला. मशीन नवं आहे, मी दहावी नापास होऊन तुमच्या हाताखाली. पैंजणं पाण्यात सोडतो, बटण दाबतो, आवाजाच्या लहरींनी पाणी थरथरतं आणि काळा मळ धुरासारखा सुटतो. मी खूश. तुम्ही पैंजणांकडं बघतही नाही. तळ चाचपून दोन घुंगरं माझ्या हातावर ठेवता. "मळ सुटला म्हणून नाचू नगंस. आणि काय काय सुटलं ते बघ की!"

म्हणून मी विचारलं, सुटलेला चुना जातो कुठं? मेंदूत गेला तर? डॉक्टर म्हणाले, तो सुटत नाही, जागच्या जागी तडकतो, नळी ढिली पडते, मग फुगा फुगवून जाळी बसवायची. कागदाच्या पाठीवर चित्रही काढलं. मला पटलं नाही. एवढं गोड समजावणारा माणूस काहीतरी खपवतोच, हे मी स्वतः गावोगाव माल विकत फिरून शिकलोय. धोका किती, विचारलं तर म्हणाले, शून्य कधीच नसतो. मग तर संशय आणखीच वाढला. नळी फाटली तर? लहर भलतीकडंच लागली तर? संमतीचा कागद पुढ्यात तसाच.

"आरं, सोयरीक जमवायला आलाईस व्हय, एवढं इचारायला?" आई पलंगावरून म्हणाली. कागद ओढून घेतला, पेशंटच्या रकान्यात सावकाश सही केली आणि पेन माझ्याकडं सरकवलं. "माझं मी केलं. आता तुझं."

तिला आत नेलंय. मी बाहेर बाकावर बसून हे पत्र लिहितोय, टाकायचं तर कुठं? पण एवढं तुम्हालाच सांगतो. माझ्या निम्म्या शंका चुन्याच्या नव्हत्याच. काही बरंवाईट झालं तर त्या कागदावर माझं नाव नसावं, म्हणून मी विचारत होतो. सही केली, ती आई बघत होती म्हणून.