पास्टरचा घसा

३ नोव्हेंबर २०२४, रविवार. तिरोडा
आवाज आजही बसलेलाच. तरी उपासना घेतली, मग चर्चच्या मंडळीतल्या चैतरामच्या नव्या ट्रॅक्टरसाठी प्रार्थना, मग कुणाच्या बोअरवेलसाठी. ट्रॅक्टर चैतरामचा, प्रभूही त्याचाच — मग तोंड माझंच का? म्हटलं, आज तूच कर. हसला. "तुमच्यावानी आमाले कुठं जमते, पास्टर?"

५ नोव्हेंबर
डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्रावर गाठ आहे. साधी आहे, घाबरू नका. एकोणीसला नागपूरला ऑपरेशन. नंतर पंधरा दिवस एक शब्द नाही, दोन महिने उपदेश नाही. मंडळी कोण सांभाळणार?

८ नोव्हेंबर
मंडळीतल्या सुलोचनाबाईंकडे जेवायला होतो. ताटं वाढली. सुनेने मोबाईल मधोमध ठेवला, बटण दाबलं — आणि माझाच आवाज! कोरोनात सगळ्यांना पाठवलेली जेवणाआधीची प्रार्थना. सगळ्यांनी डोळे मिटले. मीही मिटले, काय करणार. आमेन झाल्यावर बाई कौतुकाने म्हणाल्या, "चार वर्सं झाली, एक दिवस चुकवला नाही."
चार वर्षांत या घरातलं कुणी ताटावर स्वतःच्या शब्दांत देवाशी बोललं नाही, आणि ते शिकवायला मी एकदाही इथे बसलो नाही.

१० नोव्हेंबर, रविवार
मंडळीत विचारलं, मी नसताना प्रार्थना कोण घेणार? एक्केचाळीस जणांना बाप्तिस्मा दिलाय मी. एकही हात वर नाही. आमचा सेक्रेटरी देवानंद तेवढा बोलला, "गोंदियाहून दुसरे पास्टर बलावून घ्या ना." चिडलो.
प्रभूने शिष्य करायला सांगितलं. दर आठवड्याला एकेकासोबत बसायचं असं मी दर वर्षी ठरवतो, आणि बोअरवेल-बोअरवेल फिरत राहतो. वीट आलाय. माणसांचा, आणि माझाही.
घरी अन्नपूर्णाने मिठाचं गरम पाणी दिलं. "आता बोलू नका." बायको आहे म्हणून निभतंय.

१३ नोव्हेंबर
धानकापणी. सगळे शेतात. संध्याकाळच्या सभेला कुणी नाही. बरंच झालं.

१९ नोव्हेंबर, सकाळ. नागपूर
अन्नपूर्णाला म्हटलं, माझ्यासाठी प्रार्थना कर. ती खाली बघत म्हणाली, "मले नाही येत जी. तेवीस वर्सांत तुम्ही कधी, तू कर, म्हटलंच नाही."
आत न्यायला अजून अर्धा तास आहे. वही बंद करतो. तिला शिकवायचं आहे.