सात नंबरचं झाकण

प्रिय ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर बघूनच तू दचकशील, म्हणून आधी सांगते, मी बरी आहे. जेवतेय, खोकला गेला, खोलीतल्या मैत्रिणीशी भांडणही मिटलं. पण रोज फोनवर डोकं खाणारी मुलगी अचानक कागद घेऊन बसली म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तुला कळणारच. बिनसलंय. ते सरळ सांगायला गेले तर दोन ओळींत संपेल आणि तुझ्या पदरात काहीच पडणार नाही. म्हणून जरा वळसा घालून येते.

आज सोमवार, आत्ता सकाळचे नऊ वाजत आलेत. लॅबमध्ये खिडकीजवळच्या ओट्यावर बसून लिहितेय. कोपऱ्यात बश्या निर्जंतुक करायचं यंत्र शिट्टी द्यायच्या बेतात आहे. तुला सांगितलं होतं ना, प्रेशर कुकरची थोरली जाऊ असावी तसं दिसतं ते. मॅडम अकराला येतात. आल्या आल्या त्या माझा अहवाल, फोटो आणि त्यांचं शिफारसपत्र संशोधन संस्थेकडे पाठवणार आहेत. गुरुवारी मुलाखत. जागा एकच आहे, आणि मॅडमच्या मते ती माझीच. तुम्हा सगळ्यांच्याही मते. बाबांनी तर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगून टाकलंय, हे मला आईकडून कळलं. 'गिऱ्हाईक मागतंय पांढरा रंग, आणि हे सांगतायत आमची धाकटी शास्त्रज्ञ होणार,' असं म्हणत होती. वर तिचं नेहमीचं आहेच, की किडे बघायला एवढी वर्षं शिकायचं, घरात काय कमी आहेत?

ताई, तुला तो फुगलेला डबा आठवतो का? पांढऱ्या रंगाचा, मागच्या फळीवर वर्षभर राहून गेलेला. बाबांनी झाकण उचकटलं तर फुस्स आवाज झाला आणि असा वास सुटला की बाकावरचा माणूस उठून थेट रस्त्यावर गेला. बाबा म्हणाले, रंग नासला. मी म्हटलं, रंग कसा नासेल, ते काय दूध आहे? मी पिच्छा सोडेना तेव्हा तू म्हणालीस, असेल आत काहीतरी जिवंत, ते श्वास सोडत असेल, आता गप्प बस. तू मला गप्प करायला म्हणाली होतीस. मी मात्र औषधाच्या रिकाम्या बाटलीत तो रंग भरून घेतला आणि चार दिवस दप्तरातून हिंडवला. शाळेच्या बाईंनी सूक्ष्मदर्शक कपाटात कुलूप लावून ठेवलेला. तू तीनदा त्यांच्या दारात गेलीस. 'आमचं शेंडेफळ ऐकत नाही, एकदा दाखवून टाका, म्हणजे खूळ जाईल,' असं म्हणालीस. बाईंनी दाखवलं. बारीक काड्या होत्या, शेकड्यांनी, एकमेकींना ढकलत, वळत, पुढे सरकत. शाळा सुटल्यावर फाटकाशी होते तशी झुंबड. आपण ज्याला नासलं म्हणून फेकून देत होतो, त्यात एक अख्खं गाव नांदत होतं. खूळ काही गेलं नाही. उलट मुळं धरून बसलं.

आणि त्यानंतर दोन वर्षांनी बाबांच्या डोळ्यांचं सुरू झालं. त्यांनी एकच म्हणून जुळवून दिलेल्या दोन डब्यांनी दवाखान्याची अर्धी भिंत बदामी आणि अर्धी गुलाबी झाली, डॉक्टर हसले, पण बाबा दोन दिवस जेवले नाहीत. तेव्हा तू कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतीस आणि गणितात तुझ्या जवळपास कोणी नव्हतं. तू दुकानात उभी राहिलीस. मला म्हणालीस, 'रंग मी जुळवते, तू पुढे शिक.' पाण्याची पाळी वाटून घ्यावी इतक्या साध्या आवाजात. मी तेव्हा हो म्हणून टाकलं. त्या 'हो'चं वजन मला गेल्या आठवड्यात कळलं.

आता प्रयोगाचं. तुला फोनवर मी तुकड्यातुकड्यांत सांगितलंय, पण आता नीट सांगते. रोपांची मुळं कुजवणारी एक बुरशी आहे. तिला अडवणारे जिवाणू मातीत कुठे सापडतात, हे मला बघायचं होतं. मी आठ ठिकाणची माती आणली. रोपवाटिकेतली, नदीकाठची, खेळाच्या मैदानाची, आणि सात नंबरची माती बस डेपोमागची, वर्षानुवर्षं तेल सांडून काळी पडलेली, जिथे गवतसुद्धा उगवत नाही. काचेच्या आठ बश्यांत खायला घालून बुरशी वाढवली आणि मध्ये त्या त्या मातीतले जिवाणू सोडले. चौथ्या दिवशी बघते तर सात नंबरच्या बशीत मधोमध स्वच्छ गोल! बुरशी चारी बाजूंनी आलेली आणि त्या गोलाच्या कडेला थबकलेली, जणू कोणीतरी उंबऱ्यावर काठी आडवी धरलीय. बाकी सात बश्या पांढऱ्या कापसाने भरलेल्या.

मॅडम एरवी 'बरं आहे' याच्या पुढे जात नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली आणि अर्धा तास त्या बशीकडे बघत बसल्या. जिथे काही जगत नाही तिथलं कोणीतरी बुरशीला पुरून उरतंय, हे कोणी पाहिलेलं नाही, असं म्हणाल्या. त्याच आठवड्यात त्यांनी संस्थेला लिहिलं. संस्थेतून बोलावणं आलं ते त्या गोलामुळे आलं, माझ्या मार्कांमुळे नाही. माझ्याइतके मार्क असलेल्या मुली पासरीभर आहेत.

संस्थेने अजून एक स्वच्छ फोटो मागितला. म्हणून मी पुन्हा माती आणली, पुन्हा आठ बश्या लावल्या. सात नंबर कापसाने भरली. म्हटलं, हात चुकला असेल. परत लावल्या. परत तेच. आणि दोन नंबरच्या बशीत, रोपवाटिकेच्या साध्या मातीच्या बशीत, तोच गोल. तीच कड, तेवढीच रुंदी. तिसऱ्यांदा लावताना घाईत माझ्याकडून एक बशी फुटली. तिसऱ्यांदाही दोन नंबरच.

रोपवाटिकेच्या मातीत असा जिवाणू असतो, त्यात नवल काही नाही. आमच्या दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात त्याचं चित्र आहे.

मग पहिल्या वेळी सात नंबरवर गोल आला कसा? तीन दिवस मी हेच उगाळत होते. शनिवारी बश्या धुवायला घेतल्या आणि हातात झाकण आलं. झाकणावर माझ्या अक्षरात सात. झाकणावर, ताई. बशीवर नाही.

तुला यातली गोम पटकन कळेल, म्हणूनच हे तुला सांगायचं होतं. आपल्याकडे रंग भरला की बाबा त्याच रंगाचा ठिपका झाकणावर देतात. डब्याच्या अंगावर ओघळ येतात, तिथे लिहिलेलं टिकत नाही. 'तोंड बघून माणूस ओळखायचा, पाठ बघून नाही,' हे त्यांचं ठरलेलं. आणि आपल्या डब्याचं झाकण दुसऱ्या डब्याला बसतच नाही, बाबा लाकडी हातोडीने ठोकून ठोकून त्याला त्याच डब्याचं करून टाकतात. मी चालायला लागल्यापासून ते ठिपके दिलेत. इथे पहिल्याच तासाला सांगतात की नंबर बशीच्या तळावर घालायचा, कारण झाकणं सगळी एका मापाची असतात. मी ते वाक्य परीक्षेत लिहून मार्कसुद्धा मिळवलाय! पण हाताला परीक्षा द्यावी लागली नव्हती. हात आपल्या दुकानातला होता. पेन उचललं आणि झाकणावर लिहून मोकळा झाला.

तरी झाकणं हललीच नसती तर काही बिघडलं नसतं. त्या चौथ्या दिवशी झाकणांच्या आतून पाण्याचे थेंब जमले होते, आतलं काही दिसत नव्हतं. ते झटकायला मी सगळी झाकणं उघडून ओळीने ठेवली आणि बश्यांत नीट डोकावायच्या आतच ऑफिसातून एका अर्जावर सही करायला बोलावणं आलं. परत आले तर बश्या झाकलेल्या होत्या. मला वाटलं, मीच झाकून गेले. शनिवारी आमच्या लॅबच्या शिपाईमामांना विचारलं. त्यांना सगळं लख्ख आठवत होतं. म्हणाले, 'उघड्या पडल्या होत्या पोरी, धूळ बसली असती, म्हणून मीच झाकल्या.' मी विचारलं, ज्याचं त्यालाच लावलं होतं ना? तर हसले. 'झाकणंच ती! सगळी सारखी. कुठलं कुठे बसलं म्हणून काय बशीला सर्दी होते?'

मी पण हसले, ताई. सातचं झाकण दोन नंबरच्या बशीवर गेलं होतं, आणि बिचाऱ्यांनी चांगुलपणाच केला होता. मग जिन्यात जाऊन बसले आणि पायऱ्या मोजत राहिले, काहीतरी मोजायला हवं होतं म्हणून.

कालचा दिवस मी स्वतःशी वाद घालण्यात घालवला. म्हटलं, संस्थेत गेल्यावर मला काही डेपोची माती उकरायला लावणार नाहीत, नवा विषय देतील. हा गोल कोण कशाला पुन्हा तपासतंय? मामांना तर आपण काय केलं याचा पत्ताच नाही. मॅडमना तीन वेळा फसलेल्या बश्या मी दाखवलेल्या नाहीत, त्यांना सांगितलं की फोटोसाठी उजेड नीट पडत नाहीये. हो, खोटं बोलले. दोनदा बोलले. दुसऱ्यांदा पहिल्यापेक्षा सोपं गेलं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. म्हटलं, एकदा आत शिरले की जन्मभर प्रामाणिक राहीन. हे वाक्य मनात इतक्या वेळा घोळवलं की त्याला वास येऊ लागला.

कोणीतरी उद्या या गोलावर विसंबून डेपोडेपोची माती चाळत बसेल. माझ्यासारखीच कोणीतरी असेल ती. महिनोन्‌महिने बश्या लावेल, काही येणार नाही, आणि ती स्वतःलाच दोष देईल की आपला हात वाईट. तिचा विचार आला आणि माझा वाद संपला. भीती मात्र संपली नाही. मॅडम काय म्हणतील माहीत नाही. चूक केली याचं त्यांना तितकं वाटणार नाही, लपवली याचं वाटेल. कदाचित शिफारस मागे घेतील. बहुतेक घेतीलच. गुरुवारची मुलाखत जाईल, आणि पुन्हा अर्ज करायचा तर वर्ष थांबावं लागेल. म्हणजे अजून एक वर्ष तू त्या डब्यांमध्ये. मी जागेला लागले की मग तू टपालाने पुढचं शिकायचा फॉर्म भरायचास, असं ठरलं होतं. ते मी विसरलेले नाही. दुसरं काही सुचत नव्हतं तेव्हाही तेवढं आठवत होतं.

आता फोन का केला नाही ते सांगते. शनिवारी जिन्यात बसले असताना तुझा नंबर दोनदा काढला आणि दोनदा बंद केला. कारण तू काय म्हणशील हे मला तोंडपाठ होतं. 'तुला कोणी विचारलंय का? नाही ना? मग तोंडाला कुलूप लाव. आधी आत जा, मग काय तो खरेपणा कर.' आणि मी ऐकलं असतं. मॅडमसमोर उभं राहायचं धैर्य मी कसंबसं गोळा केलंय, पण तुला नाही म्हणायचं धैर्य माझ्याकडे नाही. तू माझ्यासाठी जे सोडलंस त्यानंतर तुझा शब्द मोडायला मी कुठल्या तोंडाने उभी राहणार? म्हणून तू शब्द उच्चारायच्या आत हे करून टाकायचंय. इथून पत्र पोचायला चार दिवस लागतात, मी टपाल कचेरीत विचारून घेतलं. आता साडेदहा झालेत. खाली जाऊन हे पेटीत टाकते आणि वर येऊन मॅडमच्या दाराशी उभी राहते. तुझ्या हातात हे पडेल तेव्हा माझं सांगून झालेलं असेल आणि गुरुवारही उलटला असेल. मधल्या दिवसांत मी फोनवर हवापाण्याच्या गप्पा मारल्या असतील, त्याबद्दल माफ कर. वाचून झालं की दुकानाच्या मागच्या खोलीत जा, बाबांना ऐकू जाणार नाही असं दार लाव, आणि मला फोन कर. ओरडायला का होईना, पण कर.

तुझंच,
शेंडेफळ