तुझ्याकडची कॅसेट

११ नोव्हेंबर, दुपार

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. केंद्रातल्या जुन्या लोकांच्या मेळाव्याहून परवा सुखरूप घरी पोहोचले. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली आणि गुडघ्यांनीही फार कुरकुर केली नाही. तू बांधून दिलेला खाऊ अजून पुरवून पुरवून खातेय. जावईबापूंना नमस्कार सांग. धाकट्याचा तो हलणारा दात पडला का?

भिंगरी म्हणून तुला हाक मारणारं आता माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. दोन वर्षांची होतीस. आई रेडिओ केंद्राच्या ड्यूटीरूममध्ये घेऊन आली की तू थेट केंद्रप्रमुख साहेबांच्या फिरत्या खुर्चीत चढायचीस आणि उलटी होईपर्यंत गरगर फिरायचीस. एकदा झालीही, साहेबांच्या फायलीवर. "बरंच झालं," तुझी आई म्हणाली, "त्या फायलीवर कोणीतरी काहीतरी मत दिलं."

मावशीने फोन का नाही केला, असं तुला वाटेल. दोनदा हातात घेतला आणि ठेवला. का ते पुढे येईलच. एवढंच आधी सांगते, की गुरुवारी तुझी डॉक्टरांची वेळ आहे आणि त्याच्या आत हे पत्र तू वाचायला हवंस. म्हणून कुरियरने पाठवतेय. आणि ती वेळ रद्द करू नकोस. मेळाव्यात तू हसत हसत म्हणालीस, "तीन महिने झाले आवाज बसलाय, पण डॉक्टरांना मी सांगून टाकलंय, आमच्यात गळ्याचं काही नाही. आई तर जायच्या दोन महिने आधी रेडिओवर बोलत होती, खणखणीत! उगाच कशाला तपासण्या?" आणि मोबाइल काढून, त्यात उतरवून घेतलेली आईची ती कॅसेट तू सगळ्यांना ऐकवलीस.

तोवर किती मजेत चाललं होतं आमचं. केंद्र बंद होऊन आठ वर्षं झाली. स्टुडिओच्या भिंतींवरचं मऊ अस्तर उंदरांनी खाल्लंय, काच कोणीतरी काढून नेलीय. तरी म्हातारे आपापल्या जागी जाऊन उभे राहिले. टंकलेखिका म्हणाली, "इथेच ना हो बातम्यांच्या कागदावर पाल पडली होती?" फ्यूजकाका म्हणाले, "पडली. पण मडम थांबल्या नाहीत. पाल थांबली, बिचारी शेवटपर्यंत ऐकत बसली." फ्यूजकाका म्हणजे आमचे अभियंते, ते तुला आता ठाऊकच आहेत. आणि मडम म्हणजे मी. कॉन्व्हेंटमधून आलेली, म्हणून तुझ्या आईने ठेवलेलं नाव. कोणीतरी काकांना विचारलं, केस कुठे गेले? "ट्रान्समीटरला वाहिले."

आणि मग तुझ्या मोबाइलमधून तो आवाज आला. "नमस्कार. श्रोतेहो, संध्याकाळचे सहा वाजून पाच मिनिटं झाली आहेत." साहेब ऐंशीच्या पुढचे, त्यांनी डोळ्यांवर रुमाल धरला. "हाच तो आवाज," म्हणाले, "अशी निवेदिका पुन्हा झाली नाही." तू माझा हात धरलास. माझा हात थंडगार पडलाय, असं तू म्हणालीस, आठवतं?

फ्यूजकाकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग उगाचच भिंतीवरचा मेलेला स्विच खालीवर करत राहिले. निघताना फाटकाशी मला म्हणाले, "मडम, राहू द्या. लेकरू सुखात आहे."

मी म्हटलं, "आणि लेकराचा घसा?"

ते फाटकाची कडी लावायला वळले.

तू मात्र जाता जाता मला म्हणालीस, "मावशी, तुम्ही बोलता ना, तेव्हा मला आई आठवते." बाळ, तू दोन वर्षांची होतीस. तुला आई कुठून आठवणार? तुला कॅसेट आठवते.

घरी आल्यापासून मी फारसं बोललेच नाही. दूधवाला दारात आला तरी मानेनेच सांगते. तोंड उघडलं तर कोणाचा आवाज निघेल, याची मला खात्री वाटत नाही. पस्तीस वर्षांनी ही भीती परत घरात राहायला आलीय.

तुझी आई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. मी केंद्रात आले तेव्हा माझं मराठी म्हणजे स्वयंपाकघरातली बोली आणि शाळेतलं इंग्रजी यांची खिचडी. तुझ्या आईने मला समोर बसवून बोलायला शिकवलं. "शब्द गिळू नकोस, कोणी हिसकावून घेत नाहीये." "वाक्याच्या शेवटी पडू नकोस गं, जिना आहे का तो?" पान उलटायचं नाही, सरकवायचं. मनगटावरचं घड्याळ काढून पर्समध्ये टाकायचं, माइकला त्याची टिकटिक ऐकू जाते. म्हणजे निवेदनात मी जे काही बोलत होते, ते सगळं तिचंच होतं. आणि नकला करण्याची खोड मला शाळेपासूनची. वसतिगृहाच्या पडद्याआडून मी मदर सुपीरियरच्या आवाजात "लाइट्स आउट" म्हणायचे आणि अख्ख्या खोलीचे दिवे विझायचे. त्याबद्दल गुडघे टेकून बसण्याची शिक्षाही पुष्कळ भोगली.

त्या संध्याकाळी ड्यूटी तिची होती. मी नुसती गप्पा मारायला समोरच्या खुर्चीत बसले होते. चार दिवस तिचा घसा बसलेला होता. माइक चालू झाल्याचा लाल दिवा लागायला दहा सेकंद असताना तिने आवाज लावून पाहिला, तर नुसती हवा आली. तिने कागद माझ्याकडे ढकलले. दिवा लागला. आणि मी तिच्या नावाने, तिच्या आवाजात नमस्कार केला.

काचेपलीकडे फ्यूजकाकांनी कानावरचे हेडफोन काढले, माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि परत घातले. गाणं लागल्यावर तुझी आई आवाज न करता हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग कुजबुजली, "हुबेहूब! मेले मी, की तुलाच बसवीन माझ्या खुर्चीत."

ती नोकरीत कायम झालेली नव्हती. महिन्याला मोजक्या ड्यूट्या, आणि आवाज गेला की त्याही जाणार. कायम करण्यासाठी मुलाखती व्हायच्या होत्या आणि त्याआधी सहा महिन्यांचं काम तपासणार होते. "आठच दिवस सांभाळ, घसा सुटेल," ती म्हणाली. मी सांभाळलं. आठाचे पंधरा झाले, पंधराचा महिना. बाहेर ती कुजबुजून बोलायची, तर लोक म्हणायचे, आवाज राखून ठेवते, मिरवत नाही. साहेब तर म्हणायचे, "माइकसमोर बसली की हिचा घसा उघडतो. दैवी देणगी!"

दैवी देणगी तिच्यासमोर बसून तिचे कागद वाचत होती.

इथे थांबते. पुढचं उद्या लिहीन.

१२ नोव्हेंबर, सकाळ

काल थांबले, कारण आता जे लिहायचं आहे ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. फ्यूजकाकांनाही नाही.

श्रोत्यांची पत्रं यायची. माझ्या नावाने आलेली पत्रं म्हणजे, "आपण सांगितलेली वेळ दोन मिनिटं मागे होती." तिच्या नावाने मात्र त्या महिन्यांत ढीग येऊ लागला. एकाने लिहिलं, "अलीकडे आपला आवाज अधिकच गोड झाला आहे." तिने ते पत्र वाचलं, घडी केली, माझ्या पर्समध्ये ठेवलं. "तुझं आहे," म्हणाली. मग जरा वेळाने, "मडम, आता मी आले नाही तरी चालेल की." चेहऱ्यावर हसू होतं. मीही हसले.

तिसऱ्या महिन्यात एक दिवस ड्यूटीरूममध्ये आम्ही दोघीच होतो. ती म्हणाली, "पुरे झालं. आज साहेबांना सांगते. रजा घेते, मोठ्या दवाखान्यात दाखवते. इथे गळ्यात काहीतरी हाताला लागतंय गं." आणि माझी बोटं घेऊन तिने तिथे ठेवली. लागलं मला. चण्याएवढं होतं.

मी काय म्हणाले, ते अक्षरशः लिहिते. "वेडी का तू? मुलाखत तोंडावर आलीय. थंडीने गाठ आली असेल, शेक दे. एवढे दिवस काढलेस, आणखी थोडे काढ. मी आहे ना."

तिने ऐकलं. ती माझं ऐकायची.

ते मी तिच्या नोकरीसाठी म्हटलं, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. पण बाळ, मुलाखत तोंडावर आलेली नव्हती. ती पुढे ढकलल्याचं पत्र त्याच सकाळी मी साहेबांच्या टेबलावर वाचलं होतं. मला ती खुर्ची सोडवत नव्हती. तिच्या नावाने बोलले की मी कोणीतरी व्हायचे. दिवा विझला की परत मी, वेळ दोन मिनिटं मागे सांगणारी. तिने खरं सांगितलं असतं तर त्याच संध्याकाळी मी विझले असते.

त्यानंतर चार महिने गेले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवसांपासून?" तुझ्या बाबांनी सांगितलं, "सात महिने." "मग इतके दिवस काय करत होतात?" तुझे बाबा खाली बघत राहिले. मी खिडकीबाहेर. त्यानंतर पाच आठवड्यांत ती गेली. घरात सगळे महिन्याभराचं दुखणं म्हणतात, ते हेच पाच आठवडे. आधीचे सात महिने कोणी मोजत नाही, कारण त्या सात महिन्यांत ती रेडिओवर छान बोलत होती.

ती गेल्याचं श्रोत्यांना सांगायचं काम साहेबांनी मला दिलं. "तुमची मैत्रीण होती, तुम्हीच वाचा." चार ओळी होत्या. दिवा लागला, मी तोंड उघडलं आणि तिचा आवाज आला. मी बदलायचा प्रयत्न केला, पण माझा आवाज कसा होता तेच मला आठवेना. तिने स्वतःच्या तोंडाने सांगावं तसं, ती गेल्याचं मी सगळ्या गावाला सांगितलं. काचेपलीकडे फ्यूजकाका उठून उभे राहिले. संपल्यावरही माइक बंद करायचं त्यांना सुचेना. बाहेर फोन वाजायला लागला. एका बाईंनी दरडावून विचारलं, "अहो, तुम्ही जिवंत असून असली थट्टा करता?"

दुसऱ्या दिवशी मी निवेदन सोडलं आणि टेपांच्या कपाटांची किल्ली मागून घेतली. निवृत्त होईपर्यंत मी टेपाच सांभाळल्या. तुझे बाबा महिन्याभराने आले. तिचं काही असेल तर द्या, म्हणाले. आमच्याकडे टेपा पुसून पुन्हा वापरायची पद्धत. मी तीन दिवस शोधलं, तिचा एक शब्दही सापडला नाही. ते म्हणाले, "असू दे. घरी रेडिओवरून भरून घेतलेली एक कॅसेट आहे." आणि माझ्याकडे बघितलं. कोणाची कॅसेट, ते त्यांना माहीत होतं. तू सांगितलंस ना, कॅसेट लावली की बाबा उठून बाहेर जायचे? दुःखाने जात असतील. पण मला वाटतं, तुझ्यापासून काहीतरी लपवायचं तर समोर बसवत नसेल त्यांना.

तर बाळ, कॅसेटवरची ती तारीख बघ, बाबांच्या अक्षरातली. त्या दिवशी बोलले ते मी. तुझी आई माझ्यासमोर होती, गळ्याला रुमाल गुंडाळून. बोलायचं ते वहीत लिहीत होती. शाळेत असताना ज्या आवाजाशी तू भांडलीस, परीक्षेच्या आधी जो उशाशी लावलास, तो माझा आहे. तुझं हे मी काढून घेतेय, कळतंय मला. नसतं घेतलं. तसंच ठेवून मेले असते. पण त्या आवाजाच्या भरवशावर तू डॉक्टरांना सांगतेस, आमच्यात गळ्याचं काही नाही, आणि मी पुन्हा एकदा "शेक दे" म्हटल्यासारखं गप्प बसणार?

कॅसेटमध्ये एक जागा आहे. पहिल्या गाण्यानंतर मी घाईने बोलू लागते, आणि मागे टक टक असा दोनदा बारीक आवाज येतो. ती पेन्सिल आहे. मी धावायला लागले की ती टेबलावर दोनदा वाजवायची, सावकाश म्हणून. ते नीट ऐक. तेवढं खरंच तुझ्या आईचं आहे.

आता डॉक्टरांना काय सांगायचं: आईचा आवाज सात महिने बसलेला होता. तिसऱ्या महिन्यापासून गळ्यात पुढच्या बाजूला गाठ लागत होती, डावीकडे. तिने दाखवलं नाही, कारण दाखवू दिलं नाही. वय एकतीस होतं. हे कागदावर उतरवून ने. स्वतःच्या गळ्यालाही हात लावून बघ. आणि काही लागलं नाही तरी जा.

मी बुधवारी दुपारच्या बसने येतेय. तू दार उघडलं नाहीस तरी मला वाईट वाटणार नाही, म्हणजे वाटेल, पण तो तुझा हक्क आहे. मी तुमच्या कोपऱ्यावरच्या लॉजमध्ये उतरेन. गुरुवारी दहा वाजता दवाखान्याच्या बाकावर असेन. माझ्याशी बोलायची गरज नाही. माझा आवाज तुला नको असेल तर मी तोंड उघडणार नाही. पण तू आत जाऊन सगळं सांगून बाहेर येईपर्यंत तिथून उठणारही नाही.

जिला तू मावशी म्हणत आलीस आणि जिने तुला म्हणू दिलं, ती

मडम