थोरलीच्या गाण्यांची व्यवस्था

मी, दातांच्या कवळ्या करणारी, वय वर्षे सत्तर, विधवा, हे मृत्युपत्र राहत्या घरी, माझ्या अक्षरात लिहून ठेवत आहे. माझे हृदय थकले आहे, डोके थकलेले नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. मुलगा "आई, एवढी घाई कशाला?" असे म्हणाला, पण त्याला दबाव म्हणता येत नाही. यापूर्वी केलेले मृत्युपत्र मी या लिखाणाने रद्द करते. त्यात जावयाचे नाव फक्त त्याला काही देऊ नये एवढ्याचसाठी आले होते.

१. राहते घर माझा एकुलता हयात वारस, म्हणजे धाकटा मुलगा, याला मिळावे. मागच्या खोलीत माझी थोरली लेक तिच्या शेवटच्या वर्षी होती. तिथे त्याने दुकानाचा माल भरला तरी माझी हरकत नाही. खोलीला काही कळत नाही. गच्ची गळते, तिचे काम मात्र त्याने माझ्या मरणाच्या निमित्ताने आणखी पुढे ढकलू नये.

२. बँकेत जे काही उरेल ते सुनेच्या नावे करावे. मुलाच्या नावे का नाही, हे तिला ठाऊक आहे आणि त्यालाही.

३. मेण कोरायच्या सुऱ्या, साचे आणि पॉलिशचे यंत्र माझ्या जुन्या भागीदारणीला द्यावे. आयुष्यभर लोकांचे दात घडवलेस आणि स्वतःचे दात-ओठ खाण्यात झिजवलेस, असे ती मला ऐकवते. तिने सुऱ्यांना धार लावून घ्यावी आणि माझ्यामागे तोंड जरा आवरावे.

४. जिन्याखालच्या कपाटात एक लहान संगणक आहे. घरात सगळे त्याला सर्व्हर म्हणतात. त्याच्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे.

थोरली मुलांना गाणे शिकवत असे. तिची स्वतःची गाणी, रियाज आणि जमवलेले सगळे संगीत फोनवर, पेनड्राइव्हवर, जुन्या सीडींवर विखुरले होते. ती नवऱ्याचे घर सोडून माझ्याकडे आली. भांडण कशावरून झाले ते दोघांनीही मला सांगितले नाही. त्यानंतर काही महिन्यांत तिचे दुखणे निघाले. औषधांनी अंथरुणाला खिळली तेव्हा म्हणाली, "आई, सगळं एका जागी लावून टाकू. नंतर कोण शोधत बसेल?"

त्या 'नंतर'बद्दल मी तिला काही विचारले नाही.

ती उशीला टेकून सांगायची आणि मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन जमिनीवर बसायची. संगणकात दोन डिस्क बसवल्या. "जोर नको लावूस गं, कवळी बसवतेस तशी बसव," असे म्हणून ती हसली आणि तिला ठसका लागला. एका डिस्कवर जे जाईल तेच त्याच क्षणी दुसरीवर जावे, अशी तिने मांडणी केली. एक बिघडली तर दुसरी राहील. मग पलंगाशेजारी माइक लावून ती दररोज थोडे गाऊ लागली. ते सगळे त्यात साठत गेले. गाण्यांच्या मधेमधे तिचे बोलणेही असे: "आई, दार लोट ना." "आई, पाणी."

ती गेल्यावर मी दुपारी काम करताना ते लावत असे. गाण्यांपेक्षा ते पाणी मागणे मी जास्त वेळा ऐकले.

जावई त्या सबंध आजारपणात एकदाही आला नाही. स्मशानात आला आणि फाटकाबाहेर उभा राहिला. "मला बघवलं नसतं," म्हणाला. मला बघवत होते, असे त्याला वाटले असावे.

गेल्या वर्षी मुलाला त्याच्या दुकानातल्या कॅमेऱ्यांचे चित्रण ठेवायला जागा हवी होती. त्याने सर्व्हर उघडला आणि सर्वांत जड फोल्डर, म्हणजे थोरलीची गाणी, पुसून टाकले. मी विचारले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "अगं, दुसऱ्या डिस्कवर आहेच की सगळं."

दुसऱ्या डिस्कवर काहीच नव्हते. एकीवर लिहिले ते दुसरीवर लिहिले जाते, तसेच एकीवर पुसले ते दुसरीवरही पुसले जाते. आणि त्या जागेवर तोवर गिऱ्हाइकांच्या ये-जा करणाऱ्या डोक्यांचे चित्रण भरले होते. दुरुस्तीवाल्याने पुष्कळ खटपट केली. शेवटी म्हणाला, "मावशी, यावर दुसरं लिहिलं गेलंय. आता हाताला काही लागणार नाही."

मुलगा दिवसभर जिन्यावर बसून होता. "मी काय मुद्दाम केलं का गं?" असे विचारत राहिला. मुद्दाम केले नाही, हे मला माहीत आहे. घर त्याला दिले आहे. माफीही देईन म्हणत होते, पण ती अजून माझ्यापाशीच तयार नाही, तर मृत्युपत्रात कुठून लिहू?

मला न सांगता त्यानेच जावयाला फोन केला. काही दिवसांनी जावई एक डिस्क घेऊन दारात आला. लग्नानंतर दोघे एकत्र राहत असताना थोरलीच्या गाण्यांची त्याने प्रत करून ठेवली होती. "ती घरातून गेली त्या दिवसापर्यंतचं सगळं आहे, आई. पुढचं माझ्याकडे नाही."

"आलाच नाहीस, तर पुढचं कुठून असणार?"

त्याने डिस्क माझ्या हातात ठेवली. मग त्याने विचारले, "शेवटी कशी गात होती?"

मी दार लावून घेतले. आता ते ऐकलेली मी एकटीच आहे, आणि डॉक्टर फार आशा दाखवत नाहीत. म्हणून त्याला उत्तर इथे देते.

वरचे स्वर आधी गेले. ते गेल्यावर तिने गाणी खाली उतरवून घेतली. तीही जड झाली तेव्हा एक ओळ म्हणायची, थांबायची, पुढची ओळ मनात म्हणायची आणि त्यापुढची पुन्हा मोठ्याने. ताल मांडीवर बोटाने धरलेला असे, त्यामुळे मधली ओळ कुठे चालली आहे ते मला दिसे. सूर ढळला नाही. अगदी अखेरीस आवाजच नव्हता, नुसता श्वास होता, पण तोही ओळीच्या लांबीचा. तुझे नाव तिने घेतले नाही. तुझ्याबद्दल वाईटही बोलली नाही.

५. सर्व्हर, दोन्ही डिस्क आणि जावयाच्या डिस्कवरून त्यात आता पुन्हा भरलेली गाणी जावयाच्या मालकीची करावीत. त्याने एक वेगळी प्रत आपल्या घराबाहेर, दुसऱ्या माणसाकडे ठेवावी. एकमेकींची नक्कल करणाऱ्या दोन डिस्कना प्रत समजू नये. मी त्याला हे प्रेमाने देत नाही. ज्याने जपले त्याच्याकडे जावे, एवढाच माझा हिशेब आहे.

६. माझ्या प्रेताजवळ तिचे गाणे लावू नये. मला ते ऐकू येणार नाही, आणि मुलाला ऐकवणार नाही.

हे सर्व मी वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही करत आहे. जावयाला या कागदाने वाटा मिळतो, म्हणून तो साक्षीला चालत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. तो बाहेरच्या खोलीत बसला आहे. मी त्याला आज आत बोलावले होते आणि वरचा मजकूर त्याच्या हाती दिला. चौथे कलम त्याने उभ्यानेच वाचले. मग माझ्या पलंगाच्या कडेला बसून, मांडीवर बोटाने ताल धरून, मधली ओळ मनात ठेवून, त्याने तिचे एक गाणे तसे म्हणून पाहिले. त्याला गळा नाही. मी त्याला थांबवले नाही.

सही: मृत्युपत्र लिहिणारी, थोरलीची आणि धाकट्याची आई
साक्षीदार पहिला: समोरच्या घरातला वायरमन, सही
साक्षीदार दुसरी: दवाखान्यातल्या परिचारिकाबाई, सही
ठिकाण: राहते घर, मागची खोली
तारीख: वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे ती