साक्षीची बोटं

मंगळवार, सावर्डे

साक्षीची बोटं काही डोक्यातून जात नाहीयेत.

दहावीच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गात ती उत्तर सांगताना बाकावर बोटं वाजवते. वर्षभर मी "बोटं थांबव" म्हणत आले. ती थांबवते आणि उत्तरही तिथेच थांबतं. मला वाटायचं, पाठच केलेलं नाही. आज सहज म्हटलं, वाजव. अपवर्तनाचे नियम एका दमात सांगितले तिने.

हे कुठे शिकलीस, विचारलं. म्हणाली, "बाबा शिमग्यात पालखीपुढे ढोल वाजवतात ना. ढोल थांबला की नाचणाऱ्यांचे पायपण थांबतात. माझं पाठांतर तसंच हाय, मॅडम."

गंमतच आहे. पण बोर्डाच्या पेपरात हात लिहीत असणार, बोटं वाजणार कशी? म्हणून हात मांडीवर ठेवून म्हणायला लावलं. निम्म्यावर अडली. मी नकळत टेबलावर एक थाप मारली आणि ती सरळ पुढे गेली. मी आपली माझ्याच बोटांकडे बघत राहिले. हे चालतं तरी कसं? बाकीच्या मुलांचंही असंच काही असेल का, मी थांबवलेलं?

आणि परीक्षेत ती थाप कोण देणार? तिलाच विचारलं. तिने त्याचा विचार आधीच करून ठेवला होता.

"पायाचा अंगठा हलवीन. बुटात कोणाला दिसतोय?"