पंच्याची परीक्षा

आई, तू खरं बोलत होतीस. हे कळायला मला फार्मसीच्या दोन पदव्या लागल्या, आणि कळलं तोवर तू जाऊन बरीच वर्षं झाली होती.

शिवाजी पेठेतल्या आपल्या स्वयंपाकघरात तू परातीपुढे बसली आहेस आणि भाकरी थापता थापता हात मध्येच उचलून धरतेस. बोटांचे सांधे लाल, टम्म सुजलेले. "आगं, नुसता पदर घासला तरी आग हुतीया बग," तू म्हणतेस. आत्या दारातून म्हणते, "काम आलं की हिची बोटं सुजत्यात." मी हसते. तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि आपण शास्त्र शिकतोय याचा मला भारी माज होता. एका दुपारी तू झोपलेली असताना मी धुऊन विरलेला पंचा अलगद तुझ्या बोटांवर टाकला. तू किंचाळून उठलीस. मला आनंद झाला, आई. पंच्याला वजन ते किती, त्याने कुणी एवढं कळवळतं का? तू जागीच असणार, असंही मी ठरवून टाकलं आणि सोंग उघडं पडल्याचं आत्याला जाऊन सांगितलं.

त्याच आठवड्यात गडहिंग्लजचे पाहुणे मला बघायला आले. मटणाचा बेत होता. मी सगळ्यांदेखत परात तुझ्यापुढे सरकवली. "पावण्यांफुडं तरी नाटकं करू नगंस." "थापतो की," म्हणालीस आणि थापत राहिलीस. शेवटच्या भाकऱ्या तू मनगटाने दाबल्यास. पाहुण्यांनी तुझ्या हाताची तारीफ केली.

आता मी हेच शिकवते. सुजलेल्या सांध्यात नर्व्ह ग्रोथ फॅक्टर नावाचं प्रथिन वाढतं. पोटातल्या बाळाच्या नसा तेच जगवतं, वाढवतं. सूज आली की मात्र ते दुखण्याच्या नसांना इतकं हळवं करतं की एरवी न जाणवणारा स्पर्शही सोसवत नाही. म्हणजे तुझं किंचाळणं हाच तुझा पुरावा होता आणि मी तो तुझ्यावरच उलटवला. ते प्रथिन अडवणारी औषधं करून पाहिली गेली. दुखणं कमी झालं, पण काहींचे सांधेच झपाट्याने खराब झाले. त्यामुळे तुला द्यायला औषध माझ्याकडे आजही नसतं. पण विश्वास ठेवायला औषध लागत नव्हतं.

या तासाला मी दरवर्षी तुझं उदाहरण देते. परवा तास संपल्यावर एक मुलगी मागे थांबली. तिच्या आईचेही सांधे सुजतात. "आमच्यात कोण मानतच न्हाय, मॅडम," ती म्हणाली. "तुमच्या आईचं नशीब चांगलं, तुम्ही हुता." मी मान डोलावली. कारण घरात तुझ्यावर विश्वास ठेवणारी मी एकटीच होते, असं मी वर्गात सांगते. पुढच्या वर्षी खरं सांगेन, असं इथे लिहिलं होतं. ते खोडलंय.